मोसंबीला मांडवात जागा हवी

मराठी मनात काही फळांच्या जागा ठरून गेल्या आहेत. नारळ शुभकार्याचा, केळी सत्यनारायणाची, आंबा पाहुणचाराचा आणि मोसंबी दवाखान्याची. घरात कोणी तापाने पडले, कोणाचे पोटाचे ऑपरेशन झाले, की आपण डझनभर मोसंबी पिशवीत घालून भेटायला निघतो. मोठ्या रुग्णालयाच्या फाटकासमोर रसाची गाडी नसेल असे शहर महाराष्ट्रात सापडणे कठीण. डॉक्टर 'आजपासून पातळ द्या' म्हणाले की नातेवाईक थर्मास घेऊन धावतात तो मोसंबीच्या रसासाठीच. फळाने माणसाची इतकी सेवा केली, आणि माणसाने त्याला काय दिले? आजारपणाचा वास. बरे झालेला माणूस पुढे कित्येक दिवस मोसंबीकडे पाहतसुद्धा नाही.

जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला ही गोष्ट अधिक बोचते. 'जालना सोने का पालना' ही म्हण आजही इथे अभिमानाने सांगितली जाते. पूर्वी ती व्यापारपेठेमुळे होती. पुढे बियाणे आले, लोखंडाच्या सळया आल्या. पण अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांतून फिरताना डोळ्यांना जे हिरवे सोने दिसते ते मोसंबीच्या बागांचे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे इथल्या माती-हवामानाने या फळाला एक वेगळी चव दिली आहे, यावर सरकारी शिक्कामोर्तब झाले. परंतु याच जिल्ह्यातल्या लग्नात, बारशात, वास्तुशांतीत पाहुण्यांच्या हातात काय येते? कंपनीच्या बाटलीतले काळे किंवा नारिंगी रंगाचे गोड पाणी. बाग रस्त्याच्या पलीकडे आणि पेल्यात मात्र शेकडो मैलांवरच्या कारखान्यातला अर्क.

आता या चित्रात एक नवा पाहुणा आला आहे. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणारी मुले सणासुदीला घरी येतात, कोणाची पन्नाशी, कोणाचा लग्नाचा वाढदिवस साजरा होतो, आणि गच्चीवर 'कॉकटेल'चा बेत ठरतो. त्यातही हल्ली टकीलाचे नाव फार ऐकू येते. मेक्सिकोत ज्या पेयाला 'पालोमा', म्हणजे पारवा किंवा कबुतर, म्हणतात ते साधारण असे बनते: पेल्याच्या कडेला लिंबू फिरवून मीठ लावायचे, आत बर्फ, त्यावर पन्नास-एक मिलिलिटर टकीला, लिंबाचा रस, आणि वरून ग्रेपफ्रूटच्या स्वादाचा फसफसणारा सोडा. आंबट, किंचित कडवट, खारट आणि गार. उन्हाळी देशातल्या माणसाला हे मिश्रण का आवडते हे समजायला मेक्सिकोला जावे लागत नाही. आपले लिंबू-सोडा-पादेलोण याच घराण्यातले आहे.

गंमत अशी की त्या ग्रेपफ्रूटचे आणि आपल्या मोसंबीचे रक्ताचे नाते आहे. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडीजच्या बेटांवर जन्मले. मोसंबी ही त्या गोड संत्र्याचीच एक जात. इंग्रजीत तिला कोणी 'स्वीट लाइम' म्हणतात ते चुकीचे. ती लिंबू नव्हे. तिचे नाव मोझांबिकवरून आले. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याचे नाव घेऊन ती आली आणि मराठवाड्याच्या काळ्या-मुरमाड जमिनीत घरची झाली. मिरची, बटाटा आणि साबुदाणा यांना आपण असेच घरात घेतले. साबुदाण्याला तर थेट उपवासाच्या ताटात बसवले. मोसंबीला मात्र रुग्णाच्या उशाशी ठेवून आपण थांबलो.

टकीलाविषयी माझे मत काय, असे कोणी विचारील. मी दारूबंदीचा प्रचारक नाही. प्रौढ माणसाने आपल्या घरी, आपल्या मर्यादेत काय घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे. कायद्याचे भान मात्र हवे. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार मद्य घेण्यासाठी परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते, हे गच्चीवरच्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. पण माझा मुद्दा कायद्याचा नाही, पंगतीचा आहे. समारंभ म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट. ज्या पेल्याला आजीने हात लावायचा नाही, नातवाने पाहायचे नाही, गर्भार सुनेने घ्यायचा नाही आणि गाडी चालवणाऱ्या भावाने टाळायचा, तो पेला मित्रमंडळींचा असू शकेल, कुटुंबाचा नव्हे. गच्चीवर चार पुरुष आणि खाली स्वयंपाकघरात बायका, अशी घराची फाळणी करणारा आनंद अर्धाच असतो.

खेड्यातल्या बायकांना हा प्रश्न फार आधी कळला. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला की दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. उभी बाटली आणि आडवी बाटली या दोन चिन्हांभोवती कितीतरी गावांनी भांडणे, धमक्या, मोर्चे पाहिले. त्यामागे रात्री मार खाल्लेल्या बायकांचे आणि विकल्या गेलेल्या भांड्यांचे अनुभव आहेत. शहरातल्या पार्टीचा आणि गावातल्या गुत्त्याचा काय संबंध, असे म्हणणे सोपे आहे. पण घरातली मुले दोन्हीकडून एकच धडा घेतात: आनंद झाला की बाटली उघडायची.

तरीही टकीलाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते पेल्यात नसून नावात आहे. टकीला हे मेक्सिकोतल्या एका गावाचे नाव. तिथल्या कोरड्या, ज्वालामुखीच्या मातीत निळसर पानांचे अगेव्ह वाढते. ते पक्व व्हायला सहा ते आठ वर्षे लागतात. मग कामगार लांब दांड्याच्या गोल पात्याने पाने छाटून आतला अननसासारखा गड्डा काढतात, तो भट्टीत शिजवतात, आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. एके काळी तिथले उच्चभ्रू लोक युरोपच्या ब्रँडीपुढे या पेयाला गावंढळ समजत. १९७४ साली मेक्सिकोने या नावाला कायद्याचे कुंपण घातले. खालिस्को प्रांतात आणि आणखी चार प्रांतांतल्या ठरावीक भागांत बनलेल्या मद्यालाच ते नाव लावता येते. २००६ साली तिथल्या अगेव्हच्या शेतांना आणि जुन्या भट्ट्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. शेताला वारसा म्हणणारे लोक आणि शेताला 'सातबारा' म्हणणारे आपण!

याच अगेव्हची भावंडे आपल्या बांधावर उभी आहेत. आपण त्यांना घायपात म्हणतो, मराठवाड्यात केकताड. मातंग समाजातले कारागीर त्याचा वाख काढून बैलाच्या कासऱ्यापासून विहिरीच्या दोरापर्यंत सगळे वळून देत. पुढे नायलॉन आले, केकताड बांधावरच राहिले. दख्खनच्या पठारावरच्या अगेव्हपासून मद्य बनवण्याचा उद्योगही गेल्या पंधरा-एक वर्षांत भारतात उभा राहिला. त्याला टकीला म्हणता येत नाही, कारण ते नाव मेक्सिकोचे आहे. नाव जपणे म्हणजे काय ते यावरून कळते.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. दार्जिलिंगचा चहा त्यात पहिला; नागपूरच्या संत्र्याला, जालन्याच्या मोसंबीला नंतर मान मिळाला. परंतु मानांकन म्हणजे भिंतीवर टांगायचे प्रमाणपत्र नव्हे. शेतकऱ्याने स्वतःला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवावे लागते, पेटीवर ती खूण लावावी लागते, आणि गिऱ्हाइकाने ती खूण पाहून फळ मागावे लागते. पहिल्या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत, तिसरी आपल्या. दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या बाजारात जालन्याचे नाव घेऊन कोणी मोसंबी मागावी अशी अपेक्षा करण्याआधी जालन्यातल्या मांडवात तरी ती मागितली गेली पाहिजे.

हा केवळ अस्मितेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. बँकेच्या नोकरीत फळबागांची कर्जप्रकरणे मी बरीच पाहिली. सोयाबीन किंवा कापूस एका हंगामात पैसा देतो किंवा बुडवतो. मोसंबीचे तसे नाही. सहा बाय सहा मीटरवर झाडे लावली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात, आणि पहिली पाच-सहा वर्षे त्यांच्याकडून काही मागायचे नसते. तेवढी वर्षे माणूस खर्च करतो तो केवळ विश्वासावर. मग बहार धरायचा. त्यासाठी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे महिना-दीड महिना पाणी तोडायचे. झाड पाने गाळते, आणि पुन्हा पाणी दिले की फुलांनी भरून येते. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत निघते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास तयार होते. मधे फळगळ आहे, डिंक्या आहे, आणि बाग उक्ती घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने ऐन वेळी पाडलेला भाव आहे.

आणि सर्वांवर पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. शहराला टँकरचे पाणी आले, आणि बागांनाही. ज्यांना परवडले त्यांनी विकतचे पाणी घालून झाडे जगवली. ज्यांना परवडले नाही त्यांनी पंधरा-पंधरा वर्षांची झाडे वाळताना पाहिली आणि शेवटी कुऱ्हाड लावली. मोसंबीचे सरपण रचलेले ट्रॅक्टर त्या उन्हाळ्यात दिसत. कर्जाच्या खात्यात याची नोंद एका आकड्याने होते. घरात ती पिढीच्या तुटीने होते, कारण बाग लावणारा बाप आणि फळ खाणारा मुलगा अशी ती रचना असते. तरी पाऊस आल्यावर लोकांनी पुन्हा कलमे लावली. इतक्या जिद्दीने पिकवलेले फळ आपण फक्त तापात आठवावे?

मग त्याचा रस काढून बाटलीत का भरत नाहीत, असा साहजिक प्रश्न येतो. उत्तर शास्त्रात आहे. मोसंबी पिळताच रस गोड लागतो. तासा-दोन तासांनी तोच रस कडू होऊ लागतो. फळाच्या पांढऱ्या सालीत, पडद्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असते. रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की त्यातून हळूहळू 'लिमोनिन' नावाचे कडू द्रव्य तयार होते. रस तापवला की ही क्रिया आणखी वेगाने होते. कडवटपणा काढून घेण्याची तंत्रे जगात आहेत, पण त्यांना यंत्रे लागतात, भांडवल लागते. म्हणून आंब्याचा रस डब्यात बारा महिने मिळतो आणि मोसंबीचा रस गाडीवर, डोळ्यांदेखत पिळलेलाच प्यावा लागतो.

लोक याला मोसंबीचा दोष मानतात. मला तो तिचा मोठा गुण वाटतो. जो रस साठवता येत नाही तो फक्त माणसे एकत्र असताना प्यायचा असतो. तो कारखान्यात नव्हे, समारंभाच्या जागीच तयार व्हावा लागतो. म्हणजे फळ बागेतून थेट मांडवात येते, पिळणाऱ्या हातांना मजुरी मिळते. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा शेतकऱ्यांच्या हिताचे कारण सांगितले गेले होते. त्यावर मोठा वाद झाला. द्राक्षाच्या शेतकऱ्याचे हित कशात, हा प्रश्न खरा आहे. पण फळाला किंमत यायची तर ते आधी आंबवलेच पाहिजे, असा नियम कोणी केला?

आता पाककृती. दहा जणांसाठी मध्यम आकाराची पंधरा मोसंबी घ्या. साल हिरवी असली म्हणजे फळ कच्चे असे नव्हे. आपल्याकडच्या उबदार रात्रींत पिकलेल्या फळाची सालही हिरवट राहते. फळ हाताला जड लागले पाहिजे. मोसंबी आणि सोडा दोन्ही आधी चांगले गार करा, कारण गार पाण्यात वायू जास्त टिकतो. कोमट सोडा पेल्यात पडताच मरतो. फळ आडवे कापून हाताच्या यंत्रावर हलक्या हाताने पिळा. शेवटच्या थेंबासाठी साल मुरगळू नका आणि बियांसकट मिक्सरमध्ये तर मुळीच फिरवू नका. कडूपणा तिथूनच येतो. साधारण लिटरभर रस निघेल. मोसंबीत आंबटपणा कमी असतो, म्हणून तीन लिंबे पिळा. चमचाभर आल्याचा रस, चिमूटभर पादेलोण घाला. साखर शक्यतो नकोच.

पेल्याच्या कडेला लिंबाची फोड फिरवून मीठ आणि भरडलेले जिरे लावा. ही युक्ती मेक्सिकोची, जिरे आपले. बर्फाचे दोन खडे, अर्ध्याहून थोडा अधिक रस, आणि अगदी शेवटी पेल्याच्या आतल्या बाजूने सावकाश सोडा सोडा. चमच्याने ढवळ ढवळ ढवळू नका. बुडबुडे स्वतःच ढवळतात. पुदिन्याचे एक पान वर पुरे. पिळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पेला हातात जावा. ज्या प्रौढांना आपल्या पेल्यात टकीलाचे माप घालायचे असेल त्यांनी ते आपल्या जबाबदारीवर घालावे. पेय त्याविना अपुरे लागत नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

गोटी सोड्याची बाटली मिळाली तर आणखी बहार. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. आतल्या वायूचाच दाब काचेच्या गोटीला रबरी कड्यावर दाबून धरतो. बुचाची गरज नाही. तिच्या मायदेशात ती केव्हाच मागे पडली, आपल्याकडच्या गाड्यांवर ती अजून टिकून आहे. गोटी आत ढकलताना होणारा तो फुस्स आवाज शॅम्पेनच्या बुचापेक्षा कमी समारंभाचा नाही. उभी आणि आडवी या दोन बाटल्यांच्या भांडणात ही तिसरी बाटली मला मोलाची वाटते.

'पाचशे पाहुण्यांना हे कसे जमणार?' हा आक्षेप येईलच. माणशी १०० मिलिलिटर रस धरला तर ५० लिटर लागतो. एका फळातून सुमारे ७० मिलिलिटर निघाला तर सातशे-साडेसातशे फळे, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. एवढे फळ चांगल्या बागेतली दोन-तीन झाडे देतात. म्हणजे एका हेक्टरच्या बागेत शंभर लग्नांची सोय आहे. पिळायला चार माणसे दोन तास लागतील. आचारी पुऱ्या लाटायला याहून जास्त माणसे आणतो. बाटलीबंद पेयापेक्षा खर्च थोडा वाढेल हे खरे. पण ज्या लग्नात फुलांच्या कमानीवर आणि डीजेवर हजारो रुपये उडतात तिथे पेल्याच्या खर्चावर काटकसरीचे प्रवचन शोभत नाही. शिवाय दिवसही जुळतात. आंबे बहाराची मोसंबी गणपती-दसऱ्याला हजर असते आणि मृग बहाराची लग्नसराईच्या सुरुवातीला.

आपल्या परंपरेत प्रत्येक पेयाला त्याचा दिवस आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे, कोजागरीला मसाला दूध, कोकणात पाहुणा आला की कोकम सरबत. हे दिवस कोणा कंपनीने जाहिरात करून दिलेले नाहीत. घरोघरच्या बायकांनी वर्षानुवर्षे तसे केले म्हणून ते ठरले. मराठवाड्याच्या मोसंबीला असा दिवस अजून मिळालेला नाही. तो सरकारी परिपत्रकाने मिळणार नाही, मानांकनाच्या कागदानेही नाही. आणि नाव झाले की सगळे सुखी होतात असेही नाही. टकीला जगभर खपत असतानाच २०२४ मध्ये अगेव्हचे भाव कोसळले आणि तिथल्या लहान शेतकऱ्यांनी आपल्याच शेतकऱ्यांसारखे कपाळाला हात लावले. दूरच्या बाजाराचा भरवसा तिथेही नाही. म्हणूनच जवळचे गिऱ्हाईक महत्त्वाचे, आणि आपल्या मोसंबीचे सर्वांत जवळचे गिऱ्हाईक आपणच आहोत.

येत्या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आचाऱ्याशी बोलताना एवढीच एक ओळ वाढवावी: स्वागताला बाटल्या नकोत, मोसंबी पिळायला माणसे आणा. फळ कोणत्या गावच्या बागेतले आहे ते विचारून घ्या आणि पेल्यांच्या टेबलावर त्या गावाच्या नावाची पाटी लावा. त्या गावचा कोणी माणूस पाहुण्यांत असेल, तर पहिला पेला त्याच्या हातात द्या.